जुनी गाडी सुरू होताना त्रास देते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या अजून हौसेने किंवा गरजेने चालवणारे बरेच आहेत. त्यांनी गेल्या काही पावसाळ्यांत पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी पेशाने मेकॅनिक नाही. कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची) एक मारुती ८०० आणि तिच्यामागे घालवलेले रविवार, एवढीच माझी पात्रता. पेट्रोल आणि सीएनजीवर भर आहे, डिझेल आणि दुचाकीला एकेक प्रश्न आहे. आधी प्रश्न १ वाचा, मग तुमच्या लक्षणाकडे जा.

१. गाडी स्टार्ट होत नाही. सगळ्यात आधी काय बघू?

बोनेट नंतर उघडा, आधी नीट ऐका. "स्टार्ट होत नाही" या तक्रारीत चार वेगळे आजार दडलेले असतात. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) अजिबात फिरत नाही, हा पहिला. सेल्फ फिरतो पण जड, रडत फिरतो, हा दुसरा. सेल्फ झकास फिरतो पण इंजिन पकडतच नाही, हा तिसरा. आणि इंजिन पकडतं, पण सात-आठ सेकंद सेल्फ खाऊन, हा चौथा. पहिल्या दोघांत दोष बॅटरी, केबल किंवा सेल्फमध्ये असतो (प्रश्न २ ते ५). उरलेल्या दोघांत पेट्रोल, स्पार्क, हवा किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायचं (प्रश्न ६ पासून पुढे). सेल्फ जड फिरतोय आणि मालकाने पेट्रोल पंप बदलून घेतलाय, अशी बिलं मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट, त्रास कधी होतो? सकाळी थंड इंजिनाला की दुपारी गरम इंजिनाला? पाऊस पडून गेल्यावर? दोन दिवस उभी राहिल्यावर? टाकी रिझर्व्हला आल्यावर? चार-पाच दिवस एका कागदावर लिहून काढा. तो कागद कुठल्याही महागड्या पार्टपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर मूळ दोष राहील बाजूला आणि सेल्फ जळेल.

२. चावी फिरवली की नुसतं "टक" वाजतं. बॅटरी गेली का?

एकच "टक" की "टक-टक-टक-टक"? भराभर टकटक होत असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेवर ओढला जाणारा स्विच) ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. त्याचा तो आवाज.

एकच जाड "टक" असेल तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारा. दिवे पार विझले तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे तसेच लख्ख राहिले तर बॅटरीला दोष देऊ नका. सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेत किंवा सेल्फचे कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेत. सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलके दोन ठोके दिल्यावर गाडी सुरू झाली तर कार्बनवरचा संशय पक्का समजा. ही युक्ती तुम्हाला घरी नेण्यापुरतीच आहे. कार्बन त्याच आठवड्यात बदलून घ्या.

"टक"सुद्धा वाजत नाही आणि दिवे लख्ख आहेत? मग सेल्फपर्यंत सिग्नलच जात नाही. इग्निशन स्विच, सेल्फचा रिले किंवा सोलेनॉइडवरची बारीक वायर बघा. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर लिव्हर पी-वरून एन-वर घेऊन प्रयत्न करा. एन-वर सुरू झाली तर गिअरच्या स्विचचा दोष आहे.

३. बॅटरी नवी टाकली, तरी सेल्फ जड फिरतो. आता?

अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी आणि इंजिनपर्यंतचा जोड. नव्वद टक्के वेळा नसेल, पण आपल्याकडे सगळ्यात आधी अर्थ. एका पावसाळ्यात माझ्या गाडीला हाच त्रास होता. एका दुकानात बॅटरी बदलली, दुसरीकडे सेल्फ उघडून कार्बन-बुश नवे घातले, तरी सकाळी तेच रडगाणं. शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका म्हाताऱ्या वायरमनने काही न उघडता जंपरची (दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायच्या केबलची) काळी केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनच्या लोखंडाला, आणि म्हणाला, "मारा सेल्फ." इंजिन एका झटक्यात उठलं. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी विणलेली अर्थची पट्टी आतून हिरवी होऊन अर्धी तुटली होती. जिच्यामुळे एवढं झालं, ती पट्टी आख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त निघाली.

आपण खाडीच्या दोन्ही काठांना राहतो. हवा दमट आणि खारी, वर चार महिने पाऊस. पाम बीच रोडला किंवा कोपरीला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे अर्थचे जोड वरून ठीक दिसतात आणि बोल्टखाली गंजलेले असतात. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, त्यामुळे जोडाचा जरासा रोधही त्याला जड जातो. त्याच जोडावर दिवे आणि हॉर्न मात्र मजेत चालतात, म्हणून संशय येत नाही.

मीटर असेल तर नेमकं मोजा. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा कॉइलची (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन पकडणार नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. हीच चाचणी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंतही करा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, घासा आणि घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

४. बॅटरी चांगली आहे की नाही हे घरी कसं कळेल?

साध्या मल्टिमीटरने. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार-दिवे न उघडता मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. पण ही नुसती विश्रांतीतली नाडी झाली. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे, मग विश्रांतीत १२.६ दाखवत असली तरी.

इंजिन सुरू झाल्यावर पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवं. १३ च्या खाली राहत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. अशा गाडीत नवी बॅटरीसुद्धा महिन्यात बसते. आपल्या उकाड्यात साध्या बॅटरीचं आयुष्य तीन-चार वर्षं धरा. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं पाणी, मग ते कितीही गोड असो, नको.

५. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. का?

एक तर गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय, नाहीतर रोजच्या वापरात बॅटरी भरतच नाही. घरापासून स्टेशन आणि परत, एवढंच चालणाऱ्या गाडीत दुसरं कारण असतं. दोन किलोमीटरमध्ये सेल्फने घेतलेलं परत भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवा.

करंट कोण खातंय हे बघायला निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर अँपिअरवर लावा. दारं बंद, चावी बाहेर, दहा-पंधरा मिनिटं थांबा. पन्नास मिलिअँपिअरच्या वर वाचन राहिलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा धपकन उतरेल, त्या सर्किटमध्ये चोर आहे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल. बहुतेक वेळा चोर कंपनीने बसवलेला नसतोच. नंतर लावलेला म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, स्वस्तातला अलार्म, डिकीचा न विझणारा दिवा, हे नेहमीचे गडी.

६. सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडत नाही. पेट्रोल येत नाही की स्पार्क?

अंदाज करू नका, बघता येतं. इंजेक्शनच्या (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटखाली कान द्या. दोन-तीन सेकंद बारीक "घूंऽऽ" ऐकू आलं पाहिजे. तो पंपाचा आवाज. नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा, मगच पंप. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहा, एक रुपया खर्च होत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत एअर फिल्टरचं झाकण काढून आत बघत ॲक्सिलरेटरची तार ओढा. घशात पेट्रोलची पिचकारी दिसली तर पेट्रोल येतंय.

नंतर प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल तर पेट्रोल पोचतंय, जळत नाहीये. खडखडीत कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. काळा, काजळीने भरलेला असेल तर मिश्रण जाड आहे किंवा प्लग म्हातारा झालाय. स्पार्क बघायचा असेल तर वेगळा जुना प्लग वायरला लावा आणि त्याची बॉडी इंजिनच्या धातूला घट्ट टेकवा. हाताने धरू नका, जवळ सांडलेलं पेट्रोल असू देऊ नका. ठिणगी निळसर आणि कडक आवाजाची हवी. पिवळी, मलूल ठिणगी बाहेर दिसते, पण सिलिंडरच्या दाबाखाली विझते. पॉइंटच्या (स्पार्कसाठी उघड-मीट करणारा कॉन्टॅक्ट असलेल्या जुन्या) गाडीत आधी पॉइंट घासून गाडीच्या पुस्तकातल्या मापाने गॅप लावा आणि कंडेन्सर बदलून बघा. स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही ठीक असतील तर प्रश्न १८ कडे जा.

७. पावसाळ्यातच त्रास होतो. दहा वाजता ऊन पडलं की आपोआप सुरू होते. हे काय गौडबंगाल?

गौडबंगाल नाही, दमट वायर. कॉइलपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या जाड वायरांत हजारो व्होल्ट असतात. जुन्या वायरचं रबर तडकलं की ओल्या हवेत वीज प्लगकडे न जाता वाटेतच बॉडीत उतरते. रात्री अंधारात बोनेट उघडून सेल्फ मारायला सांगा आणि बाटलीतून बारीक पाण्याचा फवारा वायरांवर मारा. निळ्या मुंग्या धावताना दिसल्या तर निदान झालं. वायरांना हात लावू नका. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वीज वाटणारा भाग) असेल तर त्याचं झाकण उतरवून आतून पुसा. काळ्या केसासारखी रेघ दिसली तर ती तडा आहे. झाकण आणि रोटर (आतला फिरता तुकडा) दोन्ही बदला.

तात्पुरता इलाज म्हणजे कोरडं फडकं आणि ओल हटवणारा स्प्रे. कायमचा इलाज नव्या वायरांचा सेट, तोही जून उजाडायच्या आधी. नालेसफाईसारखं. फक्त हे वेळेवर करा.

८. चोक नेमका कधी ओढायचा? ओढला की पेट्रोलचा वास येतो.

चोक म्हणजे कार्बोरेटरची हवा कमी करून मिश्रण जाड करणारी खुंटी. इंजिन थंड असेल तेव्हाच ओढा. डिसेंबरच्या पहाटे येऊरच्या पायथ्याशी गाडी उभी असेल तर पूर्ण, एरवी अर्धा. इंजिन धरलं की मिनिटभरात हळूहळू आत ढकला. आपल्या हवेत त्याहून जास्त गरज लागत असेल तर कार्बोरेटरचा स्लो जेट तुंबलाय किंवा इन्टेकमधून कुठेतरी फाजील हवा जाते. जादा चोकने इंजिन फ्लड झालं, म्हणजे वास येतोय आणि प्लग ओले झालेत, तर चोक आत टाका, ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरा (पंप करू नका) आणि सेल्फ मारा. भरपूर हवा जाऊन जादा पेट्रोल बाहेर पडतं. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांतही हा उपाय चालतो, कारण पूर्ण ॲक्सिलरेटरवर सेल्फ मारला की इंजेक्टर थांबवायची सोय त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असते.

९. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रखडल्यावर गाडी बंद केली की अर्धा तास सुरू होत नाही. सकाळी मात्र एका चावीत. काय बघायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, आणि त्याचं एक उत्तर नाही. गाडी कोणती यावर सगळं आहे.

कार्बोरेटरची गाडी असेल तर दोन शक्यता. चालत असताना इंजिनला हवा लागते, बंद केल्यावर ती थांबते आणि बोनेटखालची उष्णता उलट चढते. त्याने पाइपातल्या पेट्रोलची वाफ झाली तर पंप नुसती वाफ ढकलत बसतो. हा व्हेपर लॉक, इंजिन उपाशी. किंवा कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इन्टेकमध्ये सांडतं, तेव्हा इंजिन तुडुंब. फरक वासाने कळतो. वास नसेल तर पंपावर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटं थांबा. भपकारा असेल तर प्रश्न ८ मधली ॲक्सिलरेटरची युक्ती. गायमुखच्या घाटात ओलं फडकं घेऊन उभे असलेले पद्मिनी टॅक्सीवाले आता दिसत नाहीत. त्या टॅक्सीच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. पण ऑक्टोबरचा उकाडा आहे तिथेच आहे.

इंजेक्शनची गाडी असेल तर ही चाचणी करा. चावी ऑन करून तीन सेकंद थांबा, ऑफ करा. असं तीनदा करा, चौथ्यांदा सेल्फ मारा. लगेच पकडली तर बंद झाल्यावर लाइनमधला दाब उतरतोय. पंपातला उलट जाऊ न देणारा वाल्व किंवा गळका इंजेक्टर, यांपैकी एक. काही फरक पडला नाही तर टेंपरेचर सेन्सर बघा. तो बिघडला की कॉम्प्युटरला गरम इंजिन थंड वाटतं आणि तो धो-धो पेट्रोल सोडतो.

आणि तिसरा, चकवा देणारा गुन्हेगार म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा). गरम झाला की गप्प, थंड झाला की पुन्हा शहाणा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल, आणि ना स्पार्क ना इंजेक्टरची टिकटिक, तर संशय त्याच्यावर घ्या. चालत्या गाडीत अचानक बंद पडण्याची तक्रार सोबत असेल तर तो जवळपास पक्का.

गरम असताना सेल्फच जड फिरत असेल तर यातलं काहीच नाही. प्रश्न ३ वाचा. तापलेला सेल्फ आणि खराब अर्थ यांची जोडी जुनी आहे.

१०. सीएनजीवर गाडी उत्तम चालते, पण सकाळी सुरू व्हायला जीव खाते. किटचा दोष का?

बहुधा पेट्रोलचा. सिक्वेन्शियल किटच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेल्या) गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि इंजिन थोडं गरम झालं की गॅसवर जातात. मालक मात्र वर्षभर शंभर-दोनशे रुपयांच्या पेट्रोलवर टाकी चालवतो. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे कोरड्या टाकीत तो जळतो. आणि महिनोन्महिने पडून असलेल्या पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो. पाव टाकी कायम ठेवा आणि आठवड्यातून आठ-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. हे न करता इंजेक्टर साफ करण्यावर पैसे घालणं म्हणजे छत गळत असताना फरशी पुसणं.

यानंतर प्लग. सीएनजी पेटवायला स्पार्क जास्त जोराचा लागतो, म्हणून गॅप पेट्रोलपेक्षा थोडी कमी ठेवतात, साधारण ०.७ ते ०.८ मिमी. थकलेली कॉइल आणि वायर गॅसवर आधी उघड्या पडतात.

मग रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग). रात्रभर त्यातून गॅस झिरपून इन्टेकमध्ये साचत असेल तर सकाळी पहिल्या सेल्फला मिश्रण नको तितकं जाड होतं. तपासायचं असेल तर रात्री घरी येताना सिलिंडरचा वाल्व बंद करा, लाइनमधला गॅस संपून गाडी पेट्रोलवर जाऊ द्या आणि तशीच उभी करा. सकाळी एका चावीत सुरू झाली तर रिड्यूसर किंवा गॅसचे इंजेक्टर. दुरुस्ती अधिकृत किटवाल्याकडेच. गॅसचा वास येत असेल तर सेल्फच मारू नका. तीन वर्षांची सिलिंडर टेस्ट चुकली असेल तर तीही त्याच फेरीत उरका.

आणखी एक कारण किटच्या बाहेरचं आहे. पंपाची रांग. गाडी दोन हात पुढे घ्यायची, बंद करायची, पुन्हा सेल्फ. तासाभराच्या रांगेत पंधरा-वीस वेळा सेल्फ, आणि चार्जिंग शून्य. उतार असेल तर लोटत न्या.

११. पंपावरचं इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाडीला बाधतं का?

सुरू होण्याच्या बाबतीत थोडं, हो. २०२३ च्या फेब्रुवारीत ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडे साधारण तेच मिळतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप-सील त्यासाठी केलेले असतात, जुन्यांचे नसतात. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, मग त्याचे कण फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये अडकतात. शिवाय ते हवेतली ओल शोषतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ही ओल टाकीच्या तळाशी जमते आणि पंप पहिला घोट पाण्याचाच घेतो.

करायचं काय? पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या जातीचे टाका, फिल्टर लवकर बदला, जास्त दिवस उभी करायची असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. प्रत्येक बिघाडाचं बिल इथेनॉलच्या नावावर फाडणारे लोक भेटतील. त्यांना आधी प्लग काढून दाखवायला सांगा.

१२. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतं आणि गाडी सुरू होत नाही.

इमोबिलायझर, म्हणजे चोरीविरोधी कुलूप. चावीतली चिप ओळखली जात नाही. दुसरी चावी वापरून बघा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती काढा. चावी पाण्यात पडली होती का, तेही आठवा.

१३. डिझेल गाडी सकाळी फार सेल्फ खाते. हीटर गेले असतील?

सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाहीये. हीटर (सिलिंडर आधी तापवणारे प्लग) किंवा कॉम्प्रेशन. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. हीटर प्लग एकेक काढून मीटरवर तपासा. चांगल्याचा रोध साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी येतो, जळलेला काहीच दाखवत नाही. मात्र ठाण्याच्या हवेत एक हीटर गेल्याने गाडी अडत नाही, चारातले तीन गेले की अडते.

धूर नसेल तर बहुधा लाइन एअर घेते. रात्रीत डिझेल टाकीकडे मागे सरकतं. फिल्टरवरचा हँड पंप कडक होईपर्यंत दाबा. त्यानंतर लगेच सुरू झाली तर फिल्टरचं सील, वॉशर, पाइपचे क्लिप बघा. फिल्टरचं पाणी काढता का, हेही विचारतो, कारण बहुतेक जण काढत नाहीत. कॉमन रेलच्या गाडीत इंजेक्टरचा पाइप घरी सैल करू नका. आतला दाब हजार बारच्या पुढचा असतो, कातडी भेदतो.

१४. स्कूटर किंवा बाइकला किक मारून पाय दुखला. कुठून सुरू करू?

पेट्रोलचा कॉक, मग किल स्विच, मग साइड स्टँडचा स्विच. हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल तर झाकण उघडल्यावर "फुस्स" होतं आणि गाडी सुरू होते. टू-स्ट्रोक स्कूटरला तेल लिटरला वीस मिलीच्या वर जात असेल तर प्लग काळा पडणारच. फोर-स्ट्रोकमध्ये जुन्या गाडीची टॅपेट सेटिंग (वाल्व उघडणाऱ्या भागाची गॅप) बघा.

स्कूटर आडवी करून किक मारायची जुनी चाल खुळी नव्हती. वाकवल्यावर वाटीतलं पेट्रोल सांडून थोडा फुकटचा चोक मिळतो. पण रोज आडवी करावी लागत असेल तर कार्बोरेटर साफ करा.

१५. काल ठीक होती, आज एकदम मेली. बोनेटखाली लेंड्या दिसतात.

मग उत्तर तुम्हीच दिलंत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, त्यातही कचऱ्याच्या खोलीजवळ, उंदीर-घुशी गरम इंजिनावर येऊन बसतात. इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या बारीक वायरी त्यांना आवडतात. कुरतडलेली वायर सोल्डर करून स्लीव्ह घाला. नुसती पिळून टेप मारलेली वायर पुढच्या पावसात प्रश्न १९ मध्ये हजर होते.

१६. वंदना टॉकीजजवळ पाण्यात गाडी बंद पडली. पाणी उतरल्यावर सेल्फ मारू?

नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी ओढून न्या, एअर फिल्टर उघडा. तो भिजलेला असेल तर सगळे प्लग काढून मगच इंजिन फिरवायचं. ऑइलची पट्टी दुधाळ दिसली तर ऑइलही बदला. विम्याच्या साध्या पॉलिसीत असं इंजिनाचं नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर लागतं.

१७. धक्का मारून सुरू करू की जंपर लावू?

जंपर. धक्का जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला चालतो. ऑटोमॅटिकला चालतच नाही, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो. जंपरचा क्रम असा. लाल मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून लांब. काढताना उलट.

१८. पेट्रोल आहे, स्पार्क आहे, बॅटरी चांगली आहे. तरी सकाळी पकडत नाही.

मग कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, गेज लावून प्रत्येक सिलिंडर मोजा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलका असतो. पंधरा टक्क्यांहून जास्त असेल तर दोष आहे. कमी निघालेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा, तेवढंच राहिलं तर वाल्व किंवा गॅस्केट.

वाल्व म्हटल्यावर इंजिन उतरवायला धावू नका. सीएनजीवर लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत वाल्व सीटमध्ये खोल बसतात, टॅपेटची गॅप संपते आणि वाल्व पूर्ण मिटत नाही. काही गाड्यांत नुसत्या टॅपेट सेटिंगने सकाळचा त्रास गेलेला मी पाहिला आहे.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुईऽऽ करत फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे. तिथेच थांबा.

१९. त्रास महिन्यातून दोनदाच होतो, आणि गॅरेजला नेली की शहाण्यासारखी सुरू होते.

अशा गाडीत पार्ट बदलू नका. त्रास होईल त्या क्षणी काय नाहीसं होतं, ते शोधा. गाडीत एक टेस्ट लॅम्प आणि एक जादा रिले ठेवा. बंद पडली की लगेच बघा, पंपाचा आवाज आहे का, कॉइलला करंट आहे का, डॅशचे दिवे नेहमीचे आहेत का. चावी जरा हलवल्यावर दिवे लुकलुकले तर इग्निशन स्विच. जड जुडगं अडकवून वर्षानुवर्षं लटकवल्याने तो झिजतो. २०१३ नंतरच्या चारचाकीत स्कॅनर लावला तर जुना कोड सापडू शकतो, फक्त त्याआधी कुणी बॅटरी काढून तो पुसलेला नसावा.

२०. सेल्फ मारताना इंजिन पकडतं, पण चावी सोडली की त्याच क्षणी बंद. हे कुठेच बसत नाही.

बसतं. पॉइंटच्या जुन्या गाड्यांत सेल्फ मारताना कॉइलला थेट बॅटरीचा करंट मिळतो आणि चावी मागे आल्यावर तो बॅलास्ट रेझिस्टरमधून (करंट कमी करणाऱ्या तुकड्यातून) जातो. रेझिस्टर तुटला की सेल्फपुरती गाडी जिवंत आणि नंतर मेलेली. स्विचमधला "ऑन"चा कॉन्टॅक्ट झिजला तरी हेच होतं. चावी सोडल्यावर कॉइलच्या पॉझिटिव्हला टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागत नसेल तर या दोघांपैकी एक. रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना लॅम्प लावून बघितलं की कोण ते लगेच कळतं. एका टोकाला दिवा लागतो आणि दुसऱ्याला नाही, तर रेझिस्टर. दोन्हीकडे अंधार, तर स्विच. तार जोडून रेझिस्टर कायमचा वगळू नका, कॉइल तापून जाईल.